अहो, अगं आणि अंगठा

(पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी नागरी सहकारी बँकेच्या शाखेत या वाचक भगिनी आठ महिन्यांपूर्वी शाखाधिकारी झाल्या. वय ३४. हाताखाली नऊ माणसं. हेड कॅशिअर ५७ वर्षांचे, सगळ्यांचे 'काका', पुढच्या वर्षी निवृत्त होणारे. काका त्यांना ग्राहकांसमोर 'अगं' म्हणतात. सगळा व्यवहार संगणकावर होत असतानाही हाताने रजिस्टर लिहितात, त्यामुळे रोजची दिवसअखेर लांबते. दुसरीकडे पंचविशीच्या आतबाहेरची तीन 'मुलं' पावणेसहा वाजले की सॅक पाठीला लावून निघतात. गेल्या महिन्यात काकांनी शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोख मोजणीबद्दल लांबलचक सूचना लिहिली. त्यावर एका मुलाने नुसता अंगठा टाकला. त्या दिवसापासून काका त्याच्याशी बोलत नाहीत. मधल्या वयाचे एक अधिकारी आहेत, "तेही सीनियरच, पण त्यांचा काही त्रास नाही." मुख्य कार्यालयाने पाठवलेल्या एक दिवसाच्या प्रशिक्षणात पिढ्यांचा तक्ता मिळाला, त्याचा उपयोग झाला नाही. बाई विचारतात: "काकांचा अपमान न करता त्यांना कसं बदलू? नव्या पिढीला कामाची आच कशी लावू? सध्या मीच साडेसातपर्यंत बसून दोन्हीकडचं निस्तरते.")

नमस्कार मॅडम,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा शेवटच्या शब्दाशी थांबले. 'निस्तरते.' काकांच्या रजिस्टरमुळे उशीर झाला की तुम्ही बसता. मुलांकडून राहिलेलं केवायसीचं काम तुम्ही उरकता. आठ महिन्यांत काकांना तुम्ही "हे रजिस्टर कशासाठी लिहिता?" असं एकदा तरी विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. त्या तिघांपैकी कुणाला बाजूला घेऊन "तू निघतोस तेव्हा काय काय राहिलेलं असतं ते तुला माहीत आहे का?" असं म्हटलंत का? तेही दिसत नाही. काकांना विचारलं नाहीत ते आदरापोटी, मुलांना विचारलं नाहीत ते बहुधा 'ही पिढी अशीच' म्हणून. दोन्हींचा परिणाम मात्र एकच: तुमच्या शाखेत कामाबद्दल कुणी कुणाशी बोलत नाही आणि साडेसातला एकटीच्या टेबलावर दिवा असतो.

आधी त्या तक्त्याचं बघू, कारण तो तुमच्यासारख्या बऱ्याच जणांना मिळालेला असणार. १९४६ ते १९६४ 'बेबी बूमर', १९६५ ते १९८० 'जेन एक्स', मग 'मिलेनियल', मग 'जेन झी'. त्यातली पहिली चौकट अमेरिकेत तयार झाली. महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले, घरोघर पाळणे हलले, म्हणून ते 'बूमर'. आपल्याकडे १९४७ च्या आगेमागे काय चाललं होतं हे मी सांगायला नको. गंमत अशी की त्या तक्त्याप्रमाणे तुमचे काका 'जेन एक्स' ठरतात, म्हणजे वरिष्ठांना न जुमानणारे, नियमांना कंटाळलेले, स्वच्छंद. आहेत का तुमचे काका तसे? ज्यांना पावणेचारच्या ठोक्याला नोटांच्या गड्ड्या एका रेषेत लावल्याशिवाय चैन पडत नाही, ते?

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्येच लिहून ठेवलंय की एका वर्षी जन्मल्याने पिढी होत नाही, एकाच घडामोडीत सापडल्याने होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनेही २०२० च्या अहवालात सांगितलं की नोकरीतली माणसं हाताळायला या पिढ्यांच्या लेबलांना भक्कम शास्त्रीय आधार नाही. ज्या देशाने तक्ता दिला त्याच देशातून हे आलं, पण प्रशिक्षणवाल्यांच्या स्लाइड अजून बदललेल्या नाहीत. वयाने फरक पडतच नाही असं मी म्हणत नाही. पडतो. पण तो डोळ्यांना पडतो, गुडघ्यांना पडतो, घरी आजारी आई आहे की सहा महिन्यांचं बाळ आहे याने पडतो, निवृत्तीला किती महिने उरले याने पडतो. हे तक्त्यात सापडणार नाही, विचारावंच लागेल.

आता रजिस्टर. मी बँकेत नव्हते, कारखान्याच्या हिशेब खात्यात होते, पण रोकड हाताळणाऱ्यांच्या शेजारी आयुष्य गेलं. संध्याकाळी पाचशेची एक नोट कमी भरली तर ती कुणाच्या खिशातून जाते हे तुम्हाला ठाऊक आहे. संगणक सांगतो की आज रोख किती असायला हवी. कुणाला कोणत्या नोटा दिल्या, फाटकी नोट कुणी दिली, बाजाराच्या दिवशी दहाच्या सुट्ट्या गड्ड्या कुठे गेल्या, हे कॅशिअरच्या रजिस्टरमध्ये असतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा तुम्ही कदाचित नोकरीत नुकत्या लागला असाल. काका तेव्हा कॅशमध्येच होते. बंद खिडकीबाहेर रांग, आत नोटांचा डोंगर आणि रोज बदलणारी परिपत्रकं. अशा दिवसांतून गेलेल्या माणसाला दुसरी नोंद म्हणजे ढाल वाटत असेल. हा माझा अंदाज आहे, चूकही असेल. रजिस्टर काही वर्षांपूर्वीच्या एखाद्या तुटीमुळे सुरू झालं असेल किंवा निव्वळ सवय असेल. उत्तर त्यांच्याकडे आहे.

विचारताना मात्र "संगणक असताना हे कशाला?" असं विचारू नका. तो प्रश्न नव्हे, निकाल आहे. दुपारी काउंटर निवला की स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसा आणि म्हणा, "काका, हे कसं लिहिता ते दाखवा." पंधरा मिनिटं बघा. बघताना त्यांच्या स्क्रीनकडेही लक्ष असू द्या. अक्षरं केवढी आहेत? आकडे वाचताना काका हनुवटी वर करतात का? दोन नंबरांच्या चष्म्यात जवळचं दिसतं ते भिंगाच्या खालच्या भागातून, म्हणून स्क्रीन उंचावर असेल तर दिवसभर मान मागे टाकून बसावं लागतं. आपल्या भाषेत या चष्म्याला नावच 'चाळीशी' आहे, तरी पन्नाशीच्या पुढच्या माणसाला आपण पंचविशीच्या डोळ्यांनी लावलेल्या स्क्रीनसमोर बसवतो आणि मग म्हणतो, यांना संगणक जमत नाही.

जर्मनीत डिंगोल्फिंग इथल्या बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात २००७ मध्ये एका जोडणी-रांगेवर मुद्दाम सरासरी ४७ वर्षांची माणसं नेमली. पुढे सगळा कारखानाच त्या वयाचा होणार होता, म्हणून आधी करून पाहिलं. कामगारांनी सुचवलेले सत्तरेक किरकोळ बदल केले: लाकडी फरशी, भिंगं, टेकायला खुर्ची. वर्षभरात त्या रांगेची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. तुमच्या शाखेत लाकडी फरशी नको. स्क्रीन चार बोटं खाली घ्या, अक्षरं मोठी करा, काउंटरवरची ट्यूब बदला. एवढ्यासाठी मुख्य कार्यालयाची मंजुरी लागत नाही (लागत असेल तर माझी सहानुभूती).

आता तुमच्या दोन तक्रारी शेजारी शेजारी ठेवून बघा. काकांची रोकड जुळल्याशिवाय दिवसअखेर होत नाही. काका सुट्ट्या नोटा मोजून, रजिस्टर लिहून मग जुळवतात, म्हणजे साडेसहा. पाच ते साडेसहा त्या तिघांना नेमून दिलेलं काम काय? पत्रावरून तरी काही नाही. ते मोबाईल बघत बसतात, काका ते बघतात आणि मनात म्हणतात, 'यांना बँकेचं काही पडलेलं नाही.' पावणेसहाला ते निघतात. आणि काका उशिरापर्यंत एकटे मोजत बसतात कारण मदतीला कुणी थांबत नाही! दोन्ही एकाच गाठीची टोकं आहेत. एक माणूस साडेचारला काकांच्या शेजारी मोजणीला बसवा, आठवड्याची पाळी लावून. दोघांनी मोजलेली रोकड, दोघांच्या सह्या. काकांना ढाल मिळेल, दुसऱ्याला काम कळेल आणि सव्वासहाच्या आत कुलूप लागेल. पाळी नसलेल्यांनी वेळेवर घरी जावं, आणि त्याबद्दल कुणी तोंड वाकडं करू नये. तुम्ही सुद्धा.

त्यांना 'मुलं' म्हणणंही सोडा. चोवीस-पंचवीसची ती नोकरदार माणसं आहेत, लोकांच्या ठेवींचे आकडे त्यांच्या हातून जातात. त्यातला एखादा रात्री दुसऱ्या बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत असणार, तुम्हालाही ते माहीत असेल. सांगून टाका त्याला, "तू दोन वर्षांत जाशील, जा, चांगलं आहे. जाईपर्यंत कर्जाच्या फायलीची छाननी पक्की शिकून जा." कामाची आच लावायला मला आजवर याहून चांगलं साधन सापडलेलं नाही: माणसाला स्वतःच्या उपयोगाचं काहीतरी शिकवा. आणि चूक झाली तर त्याच दिवशी, कागद समोर ठेवून, दोन वाक्यांत सांगा. जुन्या लोकांना साहेब बोलला नाही म्हणजे सगळं ठीक, अशी सवय होती. या तिघांना कुणीच काही बोललं नाही की ते धरून चालतात की आपण दिसतच नाही, आणि मार्चमध्ये गोपनीय अहवालात एकदम कमी शेरा पाहून हबकतात.

आणि तो अंगठा.

पस्तीस वर्षं कॅशवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर अंगठा कोणता येतो? जांभळ्या शाईच्या पॅडवर धरून टेकवलेला, व्हाउचरच्या कोपऱ्यात थोडा फिसकटलेला, शेजारी ओळख पटवणाऱ्याची सही. ज्याला सही येत नाही त्याचा. अंगठेबहाद्दर हा शब्द तिथूनच आला. आणि ज्याला काही द्यायचं नसतं त्याला आपण काय दाखवतो? काकांनी अर्धा तास खपून, चष्मा वरखाली करत, एकेक अक्षर शोधून सूचना लिहिली आणि पोराने चारचौघांत अंगठा दाखवला. मीही रागावले असते.

त्या मुलाच्या बाजूनेही बघा. त्याच्या लेखी अंगठा म्हणजे 'वाचलं, कळलं, करतो, उगीच आणखी एक मेसेज टाकून नऊ जणांचे फोन वाजवत नाही.' त्याच्या जगात ते सौजन्य आहे. काका आपल्याशी का बोलत नाहीत हे त्याला अजून कळलेलं नसण्याची शक्यता मला मोठी वाटते. विचारून बघा. तुमच्या पत्रात हेही आलं नाही की महिनाभरात त्याला कुणी सांगितलं का.

दोघांना केबिनमध्ये समोरासमोर बसवून 'सॉरी म्हण' वगैरे करू नका, ती शाळा होईल. त्याला एकट्याला गाठा, अंगठ्याचा व्हाउचरवरचा अर्थ सांगा. हसेल आणि समजेल. काकांना एकटं गाठून त्याचा अर्थ सांगा. हसणार नाहीत, पण ऐकतील. मग त्याच आठवड्यात मोजणीची पहिली पाळी त्याला द्या. नोटा हातात असल्या की बोलावंच लागतं.

ग्रुपचे नियमही ठरवा, कारण अंगठ्याचं भांडण हे माध्यमाचं भांडण आहे. ग्रुपवर फक्त वेळ, सुट्टी, यंत्र बंद असल्याची खबर. कामाची सूचना असेल तर ती तोंडी, आणि मागून कागदावर. कुणाची चूक ग्रुपवर कधीही नाही, अगदी विनोदानेही नाही. संध्याकाळी सातनंतर तिजोरी, अलार्म आणि एटीएम सोडून काही नाही. पोच द्यायची तर 'होय' लिहायचं. दोन अक्षरं आहेत, काकांनाही जमतील आणि त्या तिघांनाही.

सूचना तोंडी द्यायच्या तर जागा हवी. पावणेदहाला सगळे येतात ना? काउंटर उघडण्याआधी दहा मिनिटं उभ्यानेच बोला. एक युक्ती सांगते: वयाने सगळ्यात लहान असेल त्याने आधी बोलायचं. आपल्याकडे ज्येष्ठ बोलले की धाकटे माना डोलावतात आणि बाहेर जाऊन बोलतात. विषय रोजच्या कामातलेच घ्या. उदाहरणार्थ, १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येऊ लागलं. ते स्क्रीनवर कसं भरायचं हे पंचविशीतला सांगेल. "पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो पैसे हातात घेणारा, मालकी वारसांची, हे खातेदाराला आधीच सांगा, नाहीतर भाऊ-भाऊ इथेच काउंटरवर भांडतात," हे काका सांगतील. दहा मिनिटांत दोघांनाही कळेल की समोरच्याकडे आपल्याकडे नसलेलं काही आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी १९९९ मध्ये वरिष्ठांना इंटरनेट शिकवायला तरुण माणसं नेमली, त्याला 'रिव्हर्स मेंटरिंग' असं भारदस्त नाव मिळालं, अजून परिसंवाद होतात. तुमच्याकडे ते नाव न देता झालं तर बरं. 'आता तुम्हाला हा शिकवेल' असं काकांना जाहीर सांगितलंत तर ते दुसऱ्या दिवशी रजेवर जातील.

उरला 'अगं'. यावर मी स्वतः शेण खाल्लेलं आहे. एकोणतिसाव्या वर्षी मला एका कारखान्यात हिशेब खात्याची प्रमुख केलं. तिथले हेडक्लार्क मला 'बाळ' म्हणायचे. एके दिवशी चिडून मी सगळ्यांदेखत म्हटलं, "मला मॅडम म्हणायचं." ते म्हणू लागले. प्रत्येक वाक्याच्या आधी एकदा, नंतर एकदा. "मॅडम, फाईल आणली, मॅडम." पुढची तीन वर्षं मला तो शब्द ऐकला की कानात खडे पडल्यासारखं व्हायचं.

म्हणून सांगते: मागायचंच तर 'मॅडम' मागू नका, 'अहो' मागा, एकांतात मागा आणि कारण कामाचं द्या. "काका, एरवी तुमचं 'अगं' मला गोडच लागतं. पण कर्जदार समोर असताना त्याने ते ऐकलं की माझं 'नाही' त्याला 'नाही' वाटत नाही, तो तुमच्याकडे वशिला लावायला येतो. काउंटरपाशी तेवढं 'अहो' म्हणाल?" ही गोष्ट त्यांना चटकन कळेल, कारण वशिलेवाले त्यांनाही छळत असणार. आणि तुमच्या बाजूचंही तपासा. 'काका' म्हटलं की तुम्ही पुतणी झालात. पुतणी काकांना रजेचा अर्ज मागत नाही, व्हाउचरवर राहिलेली सही दाखवत नाही. चहाला काका जरूर म्हणा. पण सकाळच्या दहा मिनिटांत आणि कामाच्या कागदावर आडनाव आणि पुढे 'साहेब' लावा. मान कमी होत नाही, फक्त दोघेही घरातून ऑफिसात येता. ज्यांच्याकडे उलटी परिस्थिती आहे, म्हणजे साहेब पंचावन्नचे आणि हाताखाली पंचविशीचे, त्यांनी हेच उलटं करून बघावं: 'अरे बाळा' बंद, नाव आणि 'तुम्ही' सुरू. पहिला आठवडा तोंडात अडकतं, मग बसतं.

काका जायला वर्षही नाही. जाताना 'तुमचा अनुभव लिहून द्या' असं कुणी सांगेल. काही निघत नाही त्यातून. दोन पानं सुविचार येतात. त्याऐवजी पेन्शनचा दिवस, आठवडी बाजाराचा दिवस आणि मार्चअखेर, या तीन प्रकारच्या दिवशी एकाला त्यांच्या बाजूला बसवा आणि फक्त बघायला सांगा. अर्धांगवायूनंतर कुणाची सही बदलली, कुणाचा मुलगा बापाला रांगेत उभं करून स्वतः चेक वटवायला बघतो, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतं. आणि नव्यांना जे दिसतं ते काकांना दिसत नाही. म्हातारा ठेवीदार अवेळी ठेव मोडायला येतो, घाम पुसतो, कुणाला काही सांगत नाही आणि खिशातला फोन चालूच असतो. ही ठेव तो कधी मोडणार नाही हे काकांना माहीत असतं. पलीकडे व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस बसलाय हे पंचविशीतल्याला कळतं. दोघांची नजर एकाच वेळी त्या माणसावर पडली तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरला, फोन वेळेत लागतो. काउंटरवर त्यांची खुर्ची शेजारी ठेवायला एवढं कारण पुरे.

शेवटी ज्यांच्याबद्दल तुम्ही अर्धी ओळ लिहिलीत ते. "तेही सीनियरच, पण त्यांचा काही त्रास नाही." पंचेचाळीस-शेहेचाळीसचे असतील. तुमच्या खुर्चीसाठी त्यांचं नाव होतं का? असेल तर आठ महिने हा माणूस गप्प आहे, आणि त्याला तुम्ही त्रास नसणं समजताय. काकांचा राग निदान दिसतो. यांच्याकडे काकांची भाषाही आहे आणि तिघांचीही, शाखेत दुभाष्या व्हायला याहून योग्य कुणी नाही, आणि त्यांना कुणी विचारलेलंच नाही. पदोन्नतीबद्दल सांत्वन करू नका, ते फार टोचतं. मोजणीच्या पाळ्या आणि सकाळची दहा मिनिटं तुम्ही ठरवण्याआधी त्यांच्याशी ठरवा, त्यांनी मोडता घातला तर घालू द्या, आणि जे ठरेल ते सगळ्यांना त्यांना सांगू द्या.

तुमच्याकडे बाजार सोमवारी, म्हणजे सोमवार गेला. मंगळवारी साडेतीनला त्यांना चहाला बोलवा. काकांकडचं स्टूल बुधवारी.